लॅपटॉपची केबल काढल्यावर बोर्ड कशावर चालवायचा?

टेबलावर प्रोग्रॅम नीट चालतो, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) वाजतो, सेन्सरचे आकडे येतात. तोच बोर्ड आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) नेऊन कुठल्या तरी जुन्या अडॅप्टरला जोडला की तासाभरात बंद पडतो. अशा वेळी नवखा माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. चूक बहुतेक वेळा तिथे नसते, ती विजेच्या पुरवठ्यात असते. म्हणून हा लेख फक्त पुरवठ्यावर आहे. उदाहरणं आर्डुइनो उनो (आर ३) आणि ईएसपी ३२ च्या साध्या डेव्हलपमेंट बोर्डची, म्हणजे प्रोग्रॅम टाकून सेन्सर-रिले चालवायच्या छोट्या बोर्डची, घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या पॉलिटेक्निकपासून ठिबकच्या ऑटोमेशनपर्यंत हेच दोन बोर्ड सगळ्यात जास्त हाताळले जातात.

सामान थोडंच लागतं: एक मल्टीमीटर (दोन-तीनशे रुपयांचा चालेल), १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, एलएम २५९६ चं बक मॉड्यूल (जास्तीचं व्होल्टेज हवं तेवढं खाली आणणारं), ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्टचा कपॅसिटर, १० ओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर आणि २ अँपिअरचा फ्यूज. यातलं काही नसलं तरी चालेल, पण मल्टीमीटर नसेल तर पुढचं काहीही जोडू नका.

आधी हिशोब करंटचा

अडॅप्टरवर '१२ व्होल्ट, २ अँपिअर' लिहिलेलं असतं. यातला व्होल्ट अडॅप्टर बोर्डवर लादतो; अँपिअर मात्र बोर्ड स्वतःला लागेल तेवढाच ओढतो. २ अँपिअरच्या अडॅप्टरने बोर्ड जळेल ही भीती खोटी आहे. उलट अँपिअर कमी पडले तर व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड भरकटतो.

उनो स्वतः साधारण ५० मिलिअँपिअर घेतो. ५ व्होल्टच्या निळ्या रिलेची एक कॉइल जवळपास ७० घेते. दोन रिले आणि एक छोटा एलसीडी डिस्प्ले धरला की आकडा २०० च्या पुढे जातो. ईएसपी ३२ वायफायवर माहिती पाठवताना क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो, म्हणून त्याच्या पुरवठ्यात निदान ५०० ची ताकद धरावी. एसजी ९० सर्व्हो मोटर अडकली की अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढते. मोटार चालू झाल्याचा मेसेज पाठवायला जे सिम ८०० एल मॉड्यूल लावतात, ते सगळ्यात हावरट: सरासरी थोडंच घेतं, पण टॉवरशी बोलताना अगदी छोट्या झटक्यात २ अँपिअर मागतं. त्याला व्होल्टेजही ३.४ ते ४.४ एवढंच चालतं. ते बोर्डच्या ५ व्होल्टवरही टाकू नये आणि ३.३ वरही. त्याला ४ व्होल्टवर लावलेलं वेगळं बक मॉड्यूल द्या.

सगळ्या वस्तूंच्या जास्तीत जास्त करंटची बेरीज करा आणि तिच्या दीडपट ते दुप्पट ताकदीचा अडॅप्टर घ्या.

वाटा चार, राखण वेगवेगळी

उनोमध्ये वीज चार ठिकाणांहून आत जाऊ शकते: युएसबी, गोल जॅक, व्हिन पिन आणि ५ व्होल्टची पिन. फरक आहे तो राखणीचा. कोणत्या वाटेवर कोण बसलंय हे कळलं की निम्म्या चुका टळतात.

युएसबीवर ५०० मिलिअँपिअरचा आपोआप जुळून येणारा फ्यूज आहे. घरातला मोबाईलचा चार्जर इथे बिनधास्त लावा; फास्ट चार्जरही बोर्डने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही. घरात ठेवायच्या आणि हलक्या कामाच्या बोर्डला याहून चांगला उपाय नाही. दोन अडचणी मात्र येतात. पॉवर बँकेवर बोर्ड लावला की बऱ्याच पॉवर बँका करंट फारच कमी बघून थोड्या वेळात स्वतःच बंद होतात. आणि काही स्वस्त टाइप-सी बोर्डांमध्ये लागणारे दोन ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, त्यामुळे दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या केबलवर ते जागेच होत नाहीत. अशा बोर्डला एका टोकाला जुनं चपटं युएसबी असलेली केबल लावा.

गोल जॅकच्या मागे एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे. अडॅप्टरचा प्लस-मायनस उलटा असला तरी बोर्ड वाचतो, फक्त चालू होत नाही. जॅकचं माप बाहेरून ५.५ आणि आत २.१ मिलिमीटर, मधली पिन प्लस. पुरवठा ७ ते १२ व्होल्टचा असावा. सीसीटीव्हीचे १२ व्होल्टचे अडॅप्टर बहुतेक याच मापाचे असतात. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर हाताशी आहे म्हणून लावू नका.

व्हिन पिन या डायोडच्या पुढे आहे. व्होल्टेज तेच चालतं, पण उलट जोडणीपासून राखण नाही. बॅटरीच्या वायरी इथे उलट्या लागल्या तर रेग्युलेटर (आलेलं व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) जातो, आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो.

५ व्होल्टच्या पिनवर तर कोणीच बसलेलं नाही. इथे दिलेली वीज रेग्युलेटरला टाळून थेट चिपपर्यंत पोचते. उनोवरची एटीमेगा ३२८ पी ही चिप ६ व्होल्टच्या वर तग धरण्याची खात्री कंपनी देत नाही. म्हणजे इथे ९ व्होल्ट लावणं हे बोर्ड टाकून देण्यासारखंच. तरीही, मोजून घेतलेला नीट ५ व्होल्टचा पुरवठा असेल तर हीच वाट सगळ्यात थंड आणि काटकसरीची आहे. पुढे आपण हीच वापरणार आहोत.

जॅक आणि युएसबी एकाच वेळी जोडले तर उनो स्वतः निवड करतो. व्हिनवर साधारण ६.६ व्होल्टच्या वर वीज दिसली की तो युएसबीची वाट बंद करतो. ५ व्होल्टच्या पिनवरून पुरवठा असेल तेव्हा ही निवड होत नाही. तुमचे ५ व्होल्ट आणि लॅपटॉपचे ५ व्होल्ट थेट एकमेकांना भिडतात. म्हणून नवा प्रोग्रॅम टाकायचा असेल तेव्हा बाहेरची ५ व्होल्टची वायर काढा, मग युएसबी लावा.

ईएसपी ३२ च्या बोर्डवर नावं तीच, अर्थ वेगळा. तिथल्या व्हिनला ५ व्होल्टच द्यायचे. आत ३.३ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर आहे. १२ व्होल्ट दिले तर उरलेल्या ८.७ व्होल्टची उष्णता तोच सोसतो आणि वायफाय चालू होताच भाजून निघतो. ३.३ व्होल्टच्या पिनवर मोबाईलची किंवा १८६५० ची लिथियम बॅटरी थेट लावू नका. भरलेली असताना ती ४.२ व्होल्ट देते आणि चिपची शेवटची मर्यादा ३.६ आहे. व्हिनवर लावली तर उलटा त्रास: रेग्युलेटरला स्वतःला एक व्होल्टच्या आसपास लागतो, तेवढा उरतच नाही. अशा बॅटरीला ५ व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल लागतं.

रेग्युलेटर का तापतो

उनोवरचा रेग्युलेटर जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकून देतो. हिशोब साधा आहे. १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून डायोडचे ०.७ गेले, राहिले ११.३. त्यातून ५ वजा केले तर ६.३. बोर्ड आणि रिले मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील तर ६.३ गुणिले ०.२, म्हणजे सव्वा वॅटच्या वर उष्णता, तीही हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये. एका वॅटला असा रेग्युलेटर भोवतालच्या हवेपेक्षा ६० ते ९० अंशांनी तापतो. बोर्डवर तांब्याची जागा जेवढी कमी तेवढा जास्त. मे महिन्यात परभणी-नांदेडला सावलीत ४२-४३ अंश असतात, आणि पत्र्याच्या पेटीत बोर्ड ठेवला तर आत त्याहून कितीतरी जास्त. रेग्युलेटरची मर्यादा १२५ ते १५० अंश. बेरीज करून बघा, सव्वा वॅटला जागाच उरत नाही.

मर्यादा ओलांडली की तो स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो. 'दहा मिनिटं चालतो, मग बंद, थोड्या वेळाने आपोआप चालू' अशी तक्रार आली की आधी रेग्युलेटरच्या जवळ बोट नेऊन गरमी जाणवते का बघा. थेट हात लावला तर चटका बसेल.

जॅकवरूनच चालवायचं असेल तर ९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. तोच २०० मिलिअँपिअरचा भार मग पाऊण वॅटच्या आत बसतो. ७ च्या खाली मात्र जाऊ नका, कारण डायोड आणि रेग्युलेटर मिळून पावणेदोन ते दोन व्होल्ट खातात आणि पलीकडे ५ पूर्ण मिळत नाहीत. खेळण्यातली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी या कामाची नाही. तिची साठवण फार कमी आणि रिलेचा झटका तिला झेपत नाही.

बक मॉड्यूल लावायची पद्धत

एलएम २५९६ चं मॉड्यूल जास्तीचे व्होल्ट जाळत नाही. ते वीज सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद करून हवे तेवढे व्होल्ट काढतं, म्हणून थंड राहतं. त्याच्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी हीटसिंक नसेल तर २ च्या आत राहा. आता क्रम मोडू नका:

१. अडॅप्टरची वायर मोजा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, लाल काडी जॅकच्या छिद्रात, काळी बाहेरच्या कड्याला. आकड्यापुढे वजा चिन्ह आलं तर मधली पिन मायनस आहे.

२. अडॅप्टर बंद करून त्याचा प्लस मॉड्यूलच्या इन प्लसला आणि मायनस इन मायनसला जोडा. आउटच्या बाजूला काहीही नको.

३. अडॅप्टर चालू करून आउटवर मोजा. नव्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा आत आलेलं व्होल्टेजच जसंच्या तसं बाहेर दिसतं. बोर्ड आधी जोडला तर तो इथेच मरतो.

४. निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू बारीक पेचकसाने फिरवा. बहुतेक मॉड्यूलवर डावीकडे फिरवलं की व्होल्टेज उतरतं. सुरुवातीचे दहा-पंधरा फेरे आकडा हलतही नाही. मॉड्यूल खराब आहे असं समजून सोडू नका. एकदा हलायला लागला की सावकाश ५.०५ च्या आसपास आणा.

५. आउटला १० ओहमचा रेझिस्टर लावा. तो अर्धा अँपिअर ओढेल आणि चांगलाच तापेल, म्हणून हातात धरू नका. एक मिनिट ठेवा. आकडा ४.९ च्या वर राहिला पाहिजे. खाली गेला तर अडॅप्टर लेबलइतका खरा नाही किंवा सांधा कच्चा आहे.

६. स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. गाडीवरून नेताना हादऱ्याने तो फिरू नये.

७. सगळं बंद करा. युएसबी काढलेलं आहे ना, ते बघा. मग आउट प्लस उनोच्या ५ व्होल्ट पिनला (ईएसपी ३२ असेल तर व्हिनला) आणि आउट मायनस जीएनडीला (ग्राउंड, म्हणजे बोर्डच्या मायनस पिनला) जोडा. कपॅसिटर बोर्डच्या जवळ, या दोन वायरींमध्येच लावा. त्याच्या अंगावरचा पट्टा मायनसकडे.

८. चालू करा आणि पुन्हा मोजा, या वेळी मॉड्यूलवर न मोजता बोर्डच्या पिनवर. रिले चालू असताना आणि बंद असतानाही. ४.७५ ते ५.२५ मध्ये राहिलं तर काम झालं.

ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरींवर पुरवठा नेऊ नका. त्यांचा सांधा ढिला असतो आणि तेवढ्यातच पाव-अर्धा व्होल्ट जातो. पुरवठ्याच्या दोन वायरी सोल्डर करा किंवा स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आवळा.

रिले, सर्व्हो, व्हॉल्व्ह यांची वीज

बोर्डच्या साध्या पिनमधून कॉइल किंवा मोटर कधीच चालवू नका. उनोची एक पिन २० मिलिअँपिअरपर्यंत ठीक, ४० ही शेवटची हद्द. एका रिलेलाच ७० लागतात. बोर्डची पिन फक्त इशारा देते, ताकद थेट बक मॉड्यूलवरून यायला हवी. मॉड्यूलच्या आउटवरून दोन फाटे काढा: एक बोर्डला, एक रिले-सर्व्होला. फाटा बोर्डवरून पुढे काढला तर रिलेचा सगळा झटका बोर्डमधून जातो.

पुरवठे दोन असले तर त्यांचे मायनस एकमेकांना जोडलेच पाहिजेत. इशारा म्हणजे जीएनडीच्या तुलनेतलं व्होल्टेज. दोघांचा जीएनडी वेगळा असेल तर सर्व्होला तो इशारा समजणार कसा? मग ती नुसती थरथरत राहते. याला अपवाद एकच: ऑप्टोकपलर (इशारा उजेडातून पोचवून दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग) असलेलं रिले मॉड्यूल, ज्याचा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढून कॉइलला वेगळी वीज दिलेली असते.

१२ व्होल्टच्या डीसी व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर १एन ४००७ डायोड लावा, पट्ट्याची बाजू प्लसकडे. व्हॉल्व्ह बंद होताना कॉइल उलटा झटका देते, तो डायोड गिळतो. ठिबकचे बरेच व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे असतात. त्यांना हा डायोड लावायचा नाही. आणि मोटारीचा स्टार्टर, थ्री फेज, २३० व्होल्ट हे काम वायरमनचं आहे. त्या पेटीत बोर्ड ठेवायचा असेल तर मध्ये वेगळा डबा हवाच.

विहिरीवरून आखाड्यापर्यंत

बोर्ड विहिरीजवळ आणि लाईटचा पॉइंट आखाड्यावर, मध्ये २० मीटर. मग ५ व्होल्टचा चार्जर आखाड्यावर लावून लांब वायर ओढली जाते, आणि इथेच गाडी अडते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे ०.०३९ ओहमपर्यंत रोध असतो. जाऊन-येऊन ४० मीटर म्हणजे दीड ओहमच्या वर. अर्धा अँपिअर ओढला की पाऊण व्होल्टच्या वर वायरीतच गेला. बोर्डला उरले ४.२. करंट आणखी वाढला की तेही खाली जातं. उनोची चिप १६ मेगाहर्ट्झवर साधारण ३.८ व्होल्टच्या खाली भरवशाची नाही, पण तिची स्वतःला बंद करण्याची पातळी २.७ वर ठेवलेली असते. मधल्या पट्ट्यात ती बंदही पडत नाही आणि नीट चालतही नाही: चुकीचे आकडे, अर्धवट मेसेज, अडकलेला रिले. ही अवस्था सरळ बंद पडण्यापेक्षा वाईट.

उपाय सोपा आहे. लांब वायरीतून १२ व्होल्ट न्या आणि बक मॉड्यूल बोर्डशेजारी बसवा. तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, आणि १२ चे साडेअकरा झाले तरी मॉड्यूल पुढे ५ च देतं.

अडॅप्टर घेताना लेबलवर '१०० ते २४० व्होल्ट' इनपुट आहे का बघा. लाईट आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या ऑटो स्टार्टरच्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवरचं (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचं) व्होल्टेज खाली येतं. असा अडॅप्टर ते सहन करतो. जुना, वजनाला जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर करत नाही, त्याचं व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरतं. वर त्याला भार नसताना ९ चे १२-१३ व्होल्ट मोजता येतात. डीपीचा न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजवर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, त्याला कोणताच अडॅप्टर पुरणार नाही. वळवाच्या पावसात ढग वाजायला लागायच्या आधीच प्लग काढलेला बरा.

बॅटरी आणि सोलर

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या सीलबंद बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरा, म्हणजे ४२. सरासरी १५० मिलिअँपिअर घेणारा बोर्ड बक मॉड्यूलवरून चालवला तर एक वॅटच्या आतबाहेर खर्च येतो आणि चाळीसेक तास निघतात. तोच बोर्ड जॅकवरून चालवला तर १.८ वॅट जातात, आणि २३ तासांत खेळ संपतो.

बॅटरीच्या प्लस टोकाजवळच २ अँपिअरचा फ्यूज लावा. अडॅप्टर शॉर्ट झाला तर स्वतः बंद होतो. बॅटरी बंद होत नाही, ती वायर लाल करते. उलट जोडणीची भीती असेल तर फ्यूजपुढे १एन ५८२२ डायोड टाका.

सोलरमध्ये दोन गोष्टी हमखास चुकतात. १२ व्होल्टच्या पॅनलवर भार नसताना २१-२२ व्होल्ट असतात. चार्जिंग चालू असताना बॅटरीची वायर निसटली तर हे व्होल्टेज पुढे येऊ शकतं, आणि उनोच्या जॅकची शेवटची हद्द २० आहे. एलएम २५९६ ला ते सहज झेपतं, मध्ये तो हवाच. दुसरं, स्वस्तातले बरेच चार्ज कंट्रोलर लोडचा मायनस चालू-बंद करतात. बोर्डचा मायनस थेट बॅटरीला जोडला तर बॅटरी उतरल्यावर लोड तोडणारं संरक्षण वाया जातं. दोन्ही वायरी कंट्रोलरच्या लोड टर्मिनलमधूनच घ्या.

अडलं तर

रिले वाजताच बोर्ड पुन्हा सुरू होतो: कपॅसिटर नाही, किंवा रिलेचा फाटा बोर्डवरून काढलाय. ईएसपी ३२ सिरीयल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डचे मेसेज दाखवणाऱ्या खिडकीत) 'ब्राउनआउट डिटेक्टर' असं लिहून परत परत सुरू होतो: वायफायच्या झटक्याला व्होल्टेज बसतंय, आधी केबल बदला, चार्जिंगच्या बारीक केबलचा दोष सगळ्यात जास्त वेळा निघतो. पॉवरचा दिवा लागतो पण मंद: पिनवर मोजा, ४ च्या खाली सापडेल. दिवाच लागत नाही आणि अडॅप्टर टिकटिक करतो: कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा.

सेन्सरचे आकडे घरी एक आणि शेतात वेगळे येत असतील, तर सेन्सरला दोष देण्याआधी ५ व्होल्टची पिन मोजा. उनो ॲनालॉग आकडा काढताना स्वतःच्या पुरवठ्यालाच पूर्ण माप धरतो. मातीच्या ओलाव्याच्या कपॅसिटिव्ह सेन्सरने २ व्होल्ट दिले, तर लॅपटॉपच्या ४.७ व्होल्टवर ४३५ दिसतात आणि बक मॉड्यूलच्या ५ वर ४०९. माती तीच, पाणी तेवढंच. कोरडी माती आणि भिजलेली माती यांचे आकडे म्हणूनच बोर्ड ज्या पुरवठ्यावर कायम राहणार आहे त्यावर लावून घ्या, आणि व्हॉल्व्ह उघडायची पातळी त्यानंतरच प्रोग्रॅममध्ये टाका.